पेशीपटलाचे कारागीर



या व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी मजुरीवर बोलेन, अशी त्यांची समजूत असावी. ती स्वाभाविकच होती. तीस वर्षे ज्याने कारखान्यांच्या फाटकांवर भाषणे केली, त्याच्याकडून आणखी कसली अपेक्षा करायची? पण मी विषय कळवला तो यीस्टच्या जनुकांचा. चालकांनी तो मान्य केला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आणि असला रुक्ष वाटणारा विषय असूनही आपण एवढ्या संख्येने आलात, याबद्दल आपला त्याहून अधिक आभारी आहे.

माझे शाळेतील शिक्षण नववीला संपले. पुढचे जे काही झाले, ते सार्वजनिक वाचनालयात, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा मी येथे उभा आहे तो शास्त्रज्ञ म्हणून नव्हे. एका जिज्ञासू माणसाने दुसऱ्या जिज्ञासू माणसांना काही सांगावे, एवढाच माझा अधिकार. यीस्टशी माझी ओळख बेकरी कामगारांनी करून दिली. पीठ फुगवणारा हा सूक्ष्म जीव त्यांचा रोजचा सोबती. तो जगतो कसा, वाढतो कसा, हे शोधता शोधता मी पावापासून फार दूर, पेशीच्या पटलापर्यंत जाऊन पोचलो.

माझा मुद्दा एकच आहे आणि तो आरंभीच सांगून टाकतो. जे काम डोळ्यांना दिसत नाही, ते करणारा ओळखायचा कसा? यीस्टवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी या प्रश्नाला एक साधे उत्तर दिले. त्याचे काम थांबू द्या. काय अडते ते पाहा. आणि मग नेमक्या त्यालाच परत आणून काम पुन्हा चालू झालेले दाखवा. या रीतीने त्यांनी पेशीचे पटल घडवणारे कारागीर एकेक करून हुडकून काढले. ती हकीकत मला आज सांगायची आहे.

प्रथम पटल म्हणजे काय, ते पाहू. आपले शरीर अब्जावधी पेशींचे. यीस्टचे सारे शरीर म्हणजे एकच पेशी. तिचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका. प्रत्येक पेशीला चहूकडून वेढणारा एक पापुद्रा असतो, तेच पेशीपटल. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी. यीस्टला या पटलाच्या बाहेरून आणखी एक टणक भिंत असते, पण ती निराळी. भिंत आकार राखते. आत काय घ्यावे आणि बाहेर काय सोडावे, हा निवाडा मात्र पटलाचा. पटल फाटले की पेशी संपली. शिवाय पेशीच्या आतही अशाच पटलांनी केलेले कप्पे असतात. घराला बाहेरची भिंत असते आणि आत खोल्या असतात, तसेच.

हे पटल कशाचे बनलेले आहे? 1925 साली हॉलंडमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातील तांबड्या पेशींमधला मेद काढून तो पाण्यावर पसरला. त्याच्या थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की पटल दुपदरी आहे. ते अनुमान पुढे खरे ठरले. या दुपदरी पटलातील मुख्य द्रव्य म्हणजे फॉस्फोलिपिडे. फॉस्फोलिपिड हा मेदाचाच एक प्रकार. त्याच्या एका टोकाला पाण्याशी सख्य असलेले डोके, आणि दुसऱ्या टोकाला पाण्याशी वैर असलेल्या मेदाम्लांच्या दोन शेपट्या. पाण्यात असे असंख्य रेणू एकत्र आले की डोकी पाण्याकडे करतात आणि शेपट्या आतल्या बाजूस लपवतात. दोन पदर आपोआप तयार होतात. त्यांना कुणी शिस्त लावावी लागत नाही.

या डोक्यांचे प्रकार मात्र वेगवेगळे. आजच्या विषयापुरती चार नावे लक्षात ठेवावीत: सेरीन, इथॅनॉलअमीन, कोलीन आणि इनोसिटॉल. नावे जड आहेत खरी. पण नव्या खात्यात गेल्यावर चार कामगारांची नावे लक्षात ठेवावी लागतात, त्याहून हे अवघड नाही. कोलीनचे डोके असलेले फॉस्फोलिपिड तर आपल्या नित्य परिचयाचे आहे. अंड्याच्या बलकात ते भरपूर असते, आणि बिस्किटाच्या वेष्टनावर लेसिथिन असे छापलेले असते त्यातही मुख्यत्वे तेच.

रेणू आपोआप रांगेत उभे राहतात, हे खरे. पण ते रेणू आपोआप तयार होत नाहीत. ते तयार करण्याचे काम विकरांचे, म्हणजे ज्यांना इंग्रजीच्या वळणाने आपण एंझाइम म्हणतो त्यांचे. एकेक विकर एकेकच काम करतो. एक सेरीन जोडतो, दुसरा सेरीनपासून इथॅनॉलअमीन करतो, आणि त्याला पुढे तीन वेळा मिथिल नावाचा लहानसा गट जोडला की कोलीनचे फॉस्फोलिपिड तयार होते. ही एक वाट. दुसऱ्या वाटेने तयार कोलीन बाहेरून आत घेऊन थेट जोडता येते. ही दुसरी वाट शिकागोत यूजीन केनेडी आणि सॅम्युएल वाइस यांनी उलगडली, आणि तिची कथा मोठी मौजेची आहे. एटीपी नावाचे शक्तिदायक द्रव्य ते वापरत होते. शुद्ध, स्फटिकरूप एटीपी घेतले की काम होईना; कमी प्रतीचे, अशुद्ध एटीपी घेतले की होई! अखेर उलगडा झाला की त्या अशुद्ध मालात सीटीपी नावाचे दुसरे द्रव्य भेसळीसारखे मिसळलेले आहे, आणि खरे काम तेच करते आहे. हे 1956 साली प्रसिद्ध झाले. ज्याला भेसळ म्हणून टाकून दिले असते, तोच कामाचा निघाला.

तेव्हा कामे कोणती, हे बरेचसे कळले होते. प्रश्न होता कारागिरांचा. हे विकर पटलांतच रुतून बसलेले असतात. त्यांना बाहेर काढायला साबणासारखी द्रव्ये वापरावी लागतात, आणि बाहेर काढले की पुष्कळदा त्यांचे काम मंदावते किंवा थांबते. पाण्यात विरघळणारे विकर वेगळे करून शुद्ध करावेत, तितके हे सोपे नाही. मग एक आडवाट उरते. विकर हाती लागत नसेल, तर तो घडवण्याची आज्ञा जिथे लिहिलेली आहे ते जनुक शोधायचे. जनुक हाती आले, की विकर किती मोठा, कशाचा बनलेला, त्याचे भाऊबंद कोण, हे सगळे वाचता येते.

हे काम यीस्टवरच का करायचे? कारण यीस्ट ही आपल्यासारखीच, आत कप्पे आणि केंद्रक असलेली पेशी आहे. जिवाणूंसारखी कप्प्यांवाचूनची नव्हे. पण ती वाढते मात्र जिवाणूंसारखी झपाट्याने. अन्न भरपूर असेल तर सुमारे दीड तासात एकीच्या दोन. साखर, काही क्षार आणि एखाददुसरे जीवनसत्त्व एवढ्यावर ती निभावते. तिच्या सोळा गुणसूत्रांवरील सव्वा कोटीच्या आसपास अक्षरे आणि सुमारे सहा हजार जनुके 1996 साली संपूर्ण वाचून झाली. पण मी सांगतो आहे त्या गोष्टी त्याच्या आधीच्या, म्हणजे हे पुस्तक उघडलेले नव्हते तेव्हाच्या.

आता पहिली पायरी: काम थांबलेली पेशी मिळवणे. यीस्टला काही रसायनांचा उपद्रव दिला की तिच्या जनुकांत कुठे ना कुठे बिघाड होतात. कुठे होतील ते सांगता येत नाही. लाखो पेशींतून, समजा, जिला स्वतःला कोलीन करता येत नाही अशी पेशी निवडायची कशी? तिच्या अंगावर खूण थोडीच असते! त्यासाठी जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने 1952 साली प्रसिद्ध केलेली युक्ती वापरतात. सपाट काचपात्रावर प्रत्येक पेशीची एकेक वसाहत, म्हणजे टिकलीएवढा पुंजका, वाढू द्यायचा. त्यावर मखमलीचा तुकडा हलकेच दाबायचा. मखमलीच्या लवेवर प्रत्येक पुंजक्यातील थोड्या पेशी चिकटतात. तोच तुकडा मग दोन नव्या पात्रांवर दाबायचा; एकात कोलीन आहे, दुसऱ्यात नाही. पहिल्यात सर्व ठिपके उगवतील. दुसऱ्यात एखादा ठिपका गैरहजर असेल. जो गैरहजर, तोच आपल्याला हवा. हजेरीपटावर गैरहजेरीवरून माणूस शोधावा, तसा हा शोध. हजारो पात्रे आणि हजारो ठिपके डोळ्यांनी तपासायचे. हे काम करणाऱ्या साहाय्यकांची नावे शोधनिबंधांत पुष्कळदा येतही नाहीत.

असे वाण मिळाले, की काय अडते ते पाहायचे. येथे मी आपल्याला एका प्रयोगाची थोडी तपशिलाने माहिती देणार आहे, कारण या साऱ्या विषयात माझ्या मनाला सर्वांत अधिक भिडलेली गोष्ट ती आहे. सुसान हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी मायकेल कल्बर्टसन यांच्यासह 1975 साली इनोसिटॉल स्वतः करू न शकणारे यीस्टचे वाण मिळवले. अशा यीस्टला बाहेरून इनोसिटॉल दिले की ते मजेत वाढते. ते काढून घेतले तर काय होते? उपाशी राहून हळूहळू मंदावत असेल, असे कुणालाही वाटेल. तसे होत नाही. 1977 साली प्रसिद्ध झालेली निरीक्षणे अशी आहेत. इनोसिटॉल काढल्यावर अर्ध्या तासात इनोसिटॉलयुक्त मुख्य फॉस्फोलिपिड तयार होणे थांबते. तरीही पेशी दोन तास, म्हणजे त्या परिस्थितीत एक पिढी होईपर्यंत, जणू काही झालेच नाही अशा वाढत राहतात. त्यानंतर विभाजन थांबते आणि आकारमान तेवढेच राहते. पण आत प्रथिने आणि इतर द्रव्ये तयार होण्याचे काम आधी त्याच वेगाने आणि मग कमी होत चालूच राहते. सुमारे चार तासांनी ते कामही संपते, आणि पेशी मरू लागतात.

आता लक्ष देण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. याच पेशींचे आतील कामकाज दुसऱ्या काही उपायांनी थोपवून धरले, तर त्या मरत नाहीत! म्हणजे मरण केवळ इनोसिटॉलच्या अभावाने येत नाही. आत माल साठत जातो आणि त्याला सामावणारे पटल मात्र वाढत नाही, या विसंगतीने ते येते, असा निष्कर्ष त्या शास्त्रज्ञांनी काढला. मी कामगार संघटनेचा माणूस. उत्पादन वाढते आहे आणि इमारत, वायुवीजन, सुरक्षा मात्र जिथल्या तिथे आहे, अशी खाती मी पाहिलेली आहेत. त्यामुळे हे वाचताना मी थबकलो, हे कबूल करतो. पण लगेच हेही सांगतो की पेशीत मालक नाही, मजूर नाही, आणि तक्रारही नाही. उपमा समजण्यापुरती घ्यावी; तिच्यावर सिद्धान्त उभारू नये. शास्त्रज्ञांनी या मरणाचा उपयोग चाळणीसारखाही करून घेतला. इनोसिटॉलविना ठेवलेल्या पेशींत ज्यांची वाढ दुसऱ्याच एखाद्या बिघाडामुळे आधीच थांबलेली असते, त्या वाचतात, बाकीच्या मरतात. त्यामुळे इतर बिघाडांचे वाण हुडकणे सोपे झाले.

कोलीनच्या बाबतीतही तसेच वाण 1980 च्या सुमारास हाती आले. त्यांना कोलीन किंवा इथॅनॉलअमीन दिले की ते वाढत. तपास केला तेव्हा बिघाड सेरीन जोडणाऱ्या विकरात, म्हणजे पहिल्या वाटेच्या तोंडाशीच निघाला. हे सारे आपल्या वाटेच्या नकाशाशी बरोबर जुळते. पहिल्या वाटेचे नाके बंद पडले, तरी बाहेरून कोलीन दिल्यास केनेडींच्या दुसऱ्या वाटेने माल पोचतो.

आता दुसरी पायरी: कारागिराला परत आणणे. यालाच जनुकाचे क्लोनिंग म्हणतात. क्लोनिंग म्हटले की आपल्याला 1996 साली जन्मलेली डॉली मेंढी आठवते. येथे तसे काही नाही. पोथीतून एकच पान वेगळे काढायचे आणि त्याच्या हव्या तेवढ्या नकला करायच्या, एवढाच त्याचा अर्थ. ही गोष्ट यीस्टमध्ये शक्य झाली ती 1978 साली. त्या वर्षी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात हिनेन, हिक्स आणि फिंक यांनी बाहेरचा डीएनए यीस्टमध्ये घालून दाखवला. यीस्टची ती टणक भिंत आड येते. म्हणून त्या काळच्या प्रयोगशाळांत गोगलगाईच्या पाचकरसासारख्या द्रव्याने ती भिंत विरघळवून टाकत, आणि उघड्या पडलेल्या पेशींत डीएनए शिरवत. मग पेशी आपली भिंत पुन्हा बांधून घेत.

कृती अशी. निरोगी यीस्टचा सगळा डीएनए काढून त्याचे तुकडे करायचे. एकेक तुकडा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहान कड्यात जोडायचा. हे कडे यीस्टमध्येही टिकते आणि जिवाणूमध्येही टिकते, असे मुद्दाम तयार केलेले असते. तुकडा दहा हजार अक्षरांचा धरला, तर यीस्टचे कोणतेही पान त्या संग्रहात असण्याची शंभरात नव्याण्णव खात्री व्हावी यासाठी सुमारे साडेपाच हजार तुकडे पुरतात. हा हिशेब मी स्वतः करून पाहिला आहे. हा सारा संग्रह आता बिघाड असलेल्या यीस्टमध्ये सोडायचा, आणि त्या पेशी कोलीन नसलेल्या पात्रावर पसरायच्या. हजारो पेशी वाढणार नाहीत. ज्या एखाद्या पेशीत योग्य तुकडा गेला असेल, तिचा ठिपका उगवेल. मघाशी गैरहजेरी शोधत होतो. आता हजेरी शोधायची. उगवलेल्या ठिपक्यातून ते कडे बाहेर काढायचे, जिवाणूत घालून त्याच्या नकला वाढवायच्या, आणि आत कोणते पान आहे ते वाचायचे.

1983 साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातील सुसान हेन्री आणि न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठातील जॉर्ज कारमन यांच्या गटांनी, लेट्स, क्लिग आणि बे-ली या सहकाऱ्यांसह, सेरीन जोडणाऱ्या विकराचे जनुक असे मिळवले. पुढच्याच वर्षी क्लिग आणि हेन्री यांनी इनोसिटॉल करणाऱ्या विकराचे जनुक मिळवले. त्याच सुमारास जपानमध्येही हे काम जोमाने चालू होते. माएबाशी येथील गुन्मा विद्यापीठात सातोशी यामाशिता आणि जुनइची निकावा यांनी 1984 साली इनोसिटॉल पटलात जोडणाऱ्या विकराचे जनुक काढले. गुन्मा हा मुळात रेशमाचा मुलूख. 1872 साली सुरू झालेली तोमिओकाची प्रसिद्ध रेशीमगिरणी तिथलीच. त्यांनी वापरलेला बिघाडाचा वाण पाहण्यासारखा होता. त्याचा विकर नाहीसा झालेला नव्हता. त्याची इनोसिटॉलवरची पकड तेवढी ढिली झाली होती. म्हणून तो वाण भरपूर इनोसिटॉल दिले तरच वाढे. 1987 साली त्यांनी ते जनुक अक्षरशः वाचून काढले. तो विकर 220 अमिनो आम्लांचा, आणि सेरीन जोडणारा 276 अमिनो आम्लांचा. एवढ्याशा कारागिरांवर पेशीचे कुंपण उभे आहे!

आता एक शंका आपल्यातील चौकस माणसाच्या मनात आलीच असेल. ठिपका उगवला म्हणजे मूळचाच कारागीर परत आला, हे कशावरून? एखादा दुसराच येऊन वेळ मारून नेत असेल तर? ही शंका रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांना ती आपल्याआधी आलेली आहे. कधी कधी खरोखरच भलत्या जनुकाच्या जास्त नकलांनी काम निभावते. म्हणून ते तीन पुरावे मागतात. एक, ते कडे पेशीतून निघून गेले की तिची कोलीनची गरज परत आली पाहिजे. दोन, जनुकाच्या नकला वाढवल्या तर नेमक्या त्याच विकराचे काम मोजमापात वाढले पाहिजे. 1983 च्या प्रयोगात ते कित्येक पटींनी वाढलेले दिसले. तीन, निरोगी यीस्टमध्ये जाऊन तेच जनुक त्याच्या मूळ जागी मोडले, तर तोच बिघाड उत्पन्न झाला पाहिजे. जागच्या जागी जनुक मोडण्याची सोपी रीत 1983 साली रोथस्टाइन यांनी दिली. चौकशी समितीने नुसत्या साक्षीवर न विसंबता कागद, हजेरीपट आणि प्रत्यक्ष जागा तिन्ही तपासावीत, अशी ही शिस्त आहे. ती मला फार आवडली.

या तिसऱ्या पुराव्यातून एक महत्त्वाचा भेद कळून आला. सेरीन जोडणारे जनुक पार मोडले, तरी यीस्ट कोलीन दिल्यावर जगते. इनोसिटॉल पटलात जोडणारे जनुक मोडले, तर मात्र काहीही दिले तरी जगत नाही. त्याची जागा दुसरा कुणी घेऊ शकत नाही. दुसरा एक जुना वादही असाच मिटला. इथॅनॉलअमीनला तीन वेळा मिथिल जोडून कोलीन होते, हे मी सांगितलेच. ही तीन कामे एकाच विकराची की अधिकांची? 1987 साली कोदाकी आणि यामाशिता यांनी दोन स्वतंत्र जनुके काढून दाखवली. पहिले काम एकाचे. पुढची दोन मुख्यत्वे दुसऱ्याची. इतकेच नव्हे, तर डोके जोडणाऱ्या निरनिराळ्या विकरांची अक्षरे शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा त्यांत एक सारखाच छोटा ठसा आढळला. कामे वेगळी, पण घराणे एक.

या जनुकांना हुकूम कुणाकडून मिळतो, हेही पुढे कळले. बाहेर इनोसिटॉल मुबलक असले, की यीस्ट स्वतः ते करण्याचे काम बंद ठेवते. हे तिला कळते कसे? 2004 साली याची यंत्रणा उघड झाली. फॉस्फॅटिडिक आम्ल हा या साऱ्या फॉस्फोलिपिडांचा कच्चा माल. आतल्या एका पटलावर तो साठलेला असतो तोवर, काम बंद करणारे ओपीआय-एक नावाचे प्रथिन त्याला चिकटून राहते. इनोसिटॉल आले, की कच्चा माल झपाट्याने वापरला जातो. मग ते प्रथिन सुटते, केंद्रकात जाते आणि काम थांबवते. गोदामातील शिल्लक पाहून काम चालू ठेवायचे की बंद करायचे, हे ठरते. वरून कुणी फर्मान काढत नाही.

आता आपण म्हणाल, हे सगळे ठीक. पण यीस्टच्या कुंपणाचे आम्हाला काय? प्रश्न योग्य आहे आणि मी त्याला दोन उत्तरे देतो.

पहिले उत्तर. फॉस्फॅटिडिक आम्लातील फॉस्फेट काढून टाकणारा एक विकर यीस्टमध्ये आहे. कारमन यांच्या प्रयोगशाळेने तो 1989 साली शुद्ध केला. पण त्याचे जनुक काही केल्या सापडेना. दरम्यान 2001 साली अमेरिकेत, मेदाच्या रोगाने जन्मतः पछाडलेल्या उंदरांत एक बिघडलेले जनुक सापडले. त्याला लिपिन असे नाव दिले. लिपिन करते काय, हे मात्र कुणाला माहीत नव्हते. 2006 साली हान, वू आणि कारमन यांना यीस्टचे ते जनुक सापडले, आणि पाहतात तो ते लिपिनचेच भावंड! यीस्टने उंदराचे कोडे सोडवले. दोनच वर्षांनी, 2008 साली, माणसांच्या काही लहान मुलांमध्ये याच जनुकातील बिघाड आढळला. ही मुले एरवी चांगली असतात. पण ताप आला किंवा उपास घडला, की त्यांचे स्नायू अचानक विरघळू लागतात, लघवी गडद होते, आणि वेळीच उपचार न झाल्यास प्राणावर बेतते. पूर्वी अशा मुलांच्या आईबापांना कारण सांगता येत नसे. आज जनुक तपासून ते सांगता येते. आणि कारण कळले, की तापात काय जपायचे हे आईला कळते.

दुसरे उत्तर. कँडिडा हा यीस्टचाच एक चुलतभाऊ. दुबळ्या झालेल्या रोग्याच्या रक्तात तो शिरला तर फार घातक ठरतो. माणसाची पेशी सेरीनचे फॉस्फोलिपिड निराळ्या रीतीने करते; कँडिडा मात्र ते यीस्टच्याच रीतीने करतो. 2010 साली असे दिसले की सेरीन जोडणारे ते जनुक काढून टाकलेला कँडिडा उंदरांना घातक राहत नाही. म्हणजे ज्या विकरावर नेम धरला असता आपल्या पेशीला इजा होणार नाही, असा विकर येथे सापडला आहे. त्याच्यावर चालणारे औषध शोधण्याचे प्रयत्न त्यातून सुरू झाले. 1983 साली यीस्टच्या पात्रावर उगवलेल्या एका ठिपक्याचा धागा येथवर येतो.

म्हणून मी ही हकीकत आपल्यापुढे मांडली. हेन्री आणि कारमन यांच्या संशोधनाला वर्षानुवर्षे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचा, म्हणजे तिथल्या करदात्यांचा पैसा मिळाला. 1989 साली शुद्ध केलेल्या विकराचे जनुक मिळायला 2006 उजाडले. मध्ये सतरा वर्षे गेली. त्या सतरा वर्षांत कुणी विचारले असते की याचा उपयोग काय, तर प्रामाणिक उत्तर एवढेच होते की अजून ठाऊक नाही. तरीही काम चालू ठेवले, म्हणून 2008 साली त्या मुलांच्या आईबापांना उत्तर मिळाले. आपल्या देशातही विद्यापीठे आणि प्रयोगशाळा आहेत. त्यांच्या खर्चाचा विषय निघाला की ‘यातून निघणार काय?’ असे आपण फटकन विचारतो. विचारावे जरूर, जाब विचारणे हा नागरिकाचा हक्कच आहे. पण उत्तराला वेळ लागतो, हे ध्यानात ठेवून विचारावे.

आणि एक. ज्याचे काम दिसत नाही, तो काही करतच नाही, असे मानण्याची सवय जगात फार जुनी आहे. पटल दिसायला स्वस्थ असते. पण ते एकदा बांधून ठेवलेले नसते. ते क्षणोक्षणी बांधले जात असते, आणि बांधणारा एक हात थांबला की चार तासांत पेशी मरू लागते. हे बांधणारे कोण, हे कुणाच्या तर्काने किंवा अधिकाराने ठरले नाही. काम थांबवून, परत चालू करून, तीन पुरावे घेऊन ते ठरले. उद्या आपल्या घरात, गावात, कारखान्यात कुणाच्या कामाची किंमत करण्याची वेळ आली, तर आधी एवढाच प्रश्न विचारून पाहावा: हा उद्या आला नाही, तर काय अडेल?

शेवटी एक विनंती. येथे विद्यार्थी बसलेले दिसतात. त्यांतल्या ज्यांची शाळा सुटली असेल किंवा सुटण्याच्या बेतात असेल, त्यांना मला सांगायचे आहे की वाचनालयाचे दार बंद झालेले नाही. हे शास्त्र अवघड आहे, पण ते कुणाच्या मिरासदारीचे नाही.